बारकं हलतंय तवर बरं

सडेवाडीत भूकंप मोजायची रीत अगदी साधी होती. फळीवरची पितळी भांडी नुसती वाजली तर बारका आणि खाली पडली तर मोठा. पाटणच्या वर, धरणाच्या अंगाला असलेल्या या चाळीस उंबऱ्यांच्या गावात सदुसष्ट सालानंतर भांडी पडली नव्हती. वाजत मात्र होती, आठवड्यातून दोनदा-तीनदा. बायका भाकरी थापता थापता "वाजली बघ," एवढंच म्हणायच्या आणि हातातली भाकरी तव्यात टाकायच्या. एखादा पाहुणा दचकून अंगणात पळाला की सगळ्या आळीला हसू फुटायचं. अंगवळणी पडलेल्या भीतीचा माणसाला पुढं पुढं अभिमान वाटायला लागतो. ही मोठी वाईट खोड आहे. जोतीराम शेडग्याला ती वाईट आहे हे कळायला सातासमुद्रापार जावं लागलं, आणि कळेपर्यंत एक माणूस हातचं गेलं होतं.

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात जोतीराम उंब्रजला एस.टी.तून उतरला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची बायको मिलाग्रोस, म्हणजे घरातली मिला, होती आणि तिची आई होती. ही आई म्हणजे सासष्ट वर्षांची, बुटकी, काटक म्हातारी. फिलिपिन्समधल्या त्यांच्या घरात लहानथोर सगळे तिला 'नानाय' म्हणजे आई म्हणत, म्हणून जोतीरामही नानायच म्हणे. जन्मात कधी आपला जिल्हा न सोडलेली ही बाई दोन विमानं आणि तीन एस.ट्या बदलून सडेवाडीला निघाली होती आणि का निघाली ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

निमित्त झालं होतं धाकट्या भावाच्या पत्राचं. धैर्यशील फौजेत हवालदार, नेमणूक जम्मूकडं. त्यानं लिहिलं होतं : 'दादा, किल्लारीला एवढी माणसं गेली तेव्हापासून इकडं सगळे जागे झालेत, एक आपली आय सोडून. घराच्या मधल्या भिंतीला चीर गेली आहे. सरकारी माणूस बघून गेला, म्हणाला या घरात झोपू नका. मी सुट्टीवर आलो तेव्हा अंगणात पत्र्याची शेड मारून दिली, तर तिनं त्यात शेणी भरल्या. माझं ऐकत नाही. तुम्ही थोरले, तुम्ही येऊन तिला घराबाहेर काढा.'

जोतीरामनं ते पत्र मिलाला त्यांच्या भाषेत वाचून दाखवलं. नानाय बाजूला शेंगा सोलत बसली होती. पत्र संपलं, तशी हातातली शेंग ताटात ठेवून ती म्हणाली, "मी पण येणार."

तेवढंच. जोतीरामनं पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. कारण गेली अडीच वर्षं तो या बाईच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची वाट बघत होता, आणि ती काही केल्या बोलत नव्हती.

आता हा गडी तिकडं पोचला कसा, ते सांगायला हवं. उंब्रजच्या एका गॅरेजात तो डिझेल इंजिनं खोलायला शिकला. चौऱ्याऐंशी साली एजंटाच्या मागं लागून कुवेतला गेला. तिथल्या दवाखान्यात मिला नर्स होती. बोटात लोखंडाचा कीस गेला म्हणून हा दाखवायला गेला आणि तो कीस निघाल्यावरही दोन महिने दाखवायला जात राहिला. सत्याऐंशीला लग्न झालं, अठ्ठ्याऐंशीला तिच्या गावी गॅरेज टाकायचं ठरलं आणि जोतीराम शेडगे, सडेवाडीच्या पाटीलभावकीतला थोरला पोरगा, घरजावई झाला. ही बातमी गावात पोचली तेव्हा पारावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. घरजावई आणि तोही बेटावर!

पण खरं सांगायचं तर घर सोन्यासारखं होतं. तिथंही थोरामोठ्यांच्या पाया पडायची रीत, फक्त वाकायचं नाही, म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा. तिथंही हातानं जेवण. भात मात्र सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि सोबत सुकट. सुकटीच्या वासाचं कोयनेकाठच्या माणसाला काय कौतुक, पण भाकरीवाचून त्याचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी मक्याचं पीठ दळून आणून तो स्वतःच भाकरी थापायला बसला. पहिल्या दिवशीची भाकरी तव्यावरच फाटली. सासऱ्यानं, इसिद्रोनं, तो फाटका तुकडा उचलून सुकटीबरोबर खाल्ला आणि दर रविवारी ते मागू लागला. घरातले त्याला ताताय म्हणत, म्हणजे बाप. ताताय डुकरं पाळायचा, पण जावई डुकराचं खात नाही हे कळल्यापासून सणावाराला याच्यासाठी वेगळी कोंबडी कापली जायची आणि पहिलं ताट याच्यापुढं यायचं.

एका गोष्टीनं मात्र पहिलं वर्ष त्याचा फार गोंधळ उडाला. त्या लोकांना 'हो' म्हणायचं असलं की ते तोंड उघडत नाहीत, नुसत्या भुवया वर उचलतात. आपल्याकडं भुवया उडवल्या की 'काय रे?' असा अर्थ. हा विचारायचा, "ताताय, पाना आणू का?" ताताय भुवया उचलायचा. हा पुन्हा विचारायचा, ताताय पुन्हा भुवया उचलायचा. असं पाचपाच वेळा चालायचं आणि नानाय चुलीजवळ हसून लोटपोट व्हायची. नव्वद सालापर्यंत याच्याही भुवया आपोआप वर जाऊ लागल्या होत्या.

आणि त्याच नव्वद सालच्या जुलैत तिकडं मोठा भूकंप झाला. त्याचा दणका दूर उत्तरेला, पण गावातली माणसं ओरडत रस्त्यावर आली. जोतीराम तेवढा गॅरेजच्या दारात पाना हातात घेऊन उभा. "आता थांबेल," तो म्हणाला, आणि भुई थांबली. बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काही नाही. पण गावानं ते बघितलं. ताताय तर जो भेटेल त्याला सांगत सुटला, की माझा जावई हलत्या देशातला आहे, त्याला जमीन कळते. वासरात लंगडी गाय शहाणी. जोतीरामलाही ते बरं वाटलं, हे त्यानं पुढं स्वतःपाशी कबूल केलं. घरजावयाला कुठंतरी मोठेपणा मिळत होता.

मग एक्क्याण्णवचा उन्हाळा आला. तातायच्या भातखाचरातून लांबवर एक डोंगर दिसायचा, पिनातुबो. पाचशे वर्षं गप्प. दुरून डोंगर साजरे म्हणतात तसा तो साजराच होता. त्या वर्षी तो धुमसायला लागला, आणि पायाखालची भुई रोज हलू लागली. रोज म्हणजे दिवसातून दहादा. लोक जोतीरामला विचारायला येऊ लागले. तो चहाचा कप हातात घेऊन, पाय लांब करून, लहानपणापासून ऐकलेलं वाक्य त्यांच्या भाषेत सांगायचा, "बारकं हलतंय तोवर बरं. जमीन थोडा थोडा दम सोडते, मग मोठं येत नाही." माणसं हायसं वाटून घरी जायची.

जूनच्या मध्याला सरकारचा हुकूम आला की गाव रिकामं करा. बायकापोरांना तालुक्याच्या शाळेत न्यायचं ठरलं. जोतीरामनं जीपगाडीच्या टपावर गाठोडी बांधली. पुढच्या सीटवर नानाय तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ताताय गाडीच्या दाराशी आला. त्याच्या डुकरिणीला चार दिवसांपूर्वी पिल्लं झाली होती.

"जोती," तो म्हणाला, "तुला जमीन कळते. मी येऊ की राहू?"

जोतीराम दोराची गाठ आवळत होता. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. "राहा की. बारकं हलतंय तोवर बरं," तो म्हणाला, "मी यांना सोडून संध्याकाळपर्यंत माघारी येतो."

तातायनं भुवया उचलल्या आणि तो हसला.

त्या संध्याकाळी परतीचा रस्ता बंद केला होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी काळोख झाला. डोंगर फुटला, आणि नेमकं त्याच दिवशी वादळ आलं. आभाळातून राख पडत होती आणि राखेवर पाऊस. ओली राख छपरावर थर धरून बसली, सिमेंटच्या गिलाव्यासारखी जड. तिसऱ्या दिवशी जोतीराम चालत गावात पोचला तेव्हा घराच्या भिंती उभ्या होत्या आणि छप्पर जमिनीवर होतं. ताताय त्याच्याखाली होता. गोठ्याचं छप्पर झावळ्यांचं, ते आधीच उडून गेलं होतं. डुकरीण आणि तिची पिल्लं जिवंत होती.

पिल्लं बघून जोतीराम तिथंच राखेत बसला आणि मोठमोठ्यानं रडला.

मयत एका नातेवाइकाच्या घरी ठेवलं. तिकडची रीत अशी की मयत घरात असेतोवर घर झाडायचं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला लागून राख आत येत होती, जमिनीवर बोटभर थर झाला, पण कोणी केरसुणीला हात लावला नाही. आणि त्या राखेतून चालत येऊन नानायनं भाताचं पहिलं ताट जोतीरामपुढं ठेवलं. नेहमीसारखं. तिच्या तोंडावर राग नव्हता, काही नव्हतं. त्या दिवशी गाडीत ती पुढच्या सीटवर होती. तिनं प्रत्येक शब्द ऐकला होता.

तेव्हापासून तो वाट बघत होता. तिनं शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, घरातून चालता हो म्हणावं. पण अडीच वर्षं ती रोज सकाळी त्याचा चहा झाकून ठेवत आली. त्या झाकलेल्या कपाचीच त्याला भीती वाटू लागली होती. मिलालाही त्यानं हे सांगितलं नव्हतं. ती त्या दिवशी मागं गाठोड्यांत बसली होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. आणि सडेवाडीला पाठवलेल्या पत्रात त्यानं दोनच शब्द लिहिले होते : 'सासरे वारले.'

अशी ही नानाय आता त्याच्या मागून सडेवाडीची पांदण चढत होती.

बनुबाई, म्हणजे जोतीरामची आई, अंगणात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. तिनं तिघांवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळे पुसले. "लय वाळलास रं," हे झालं. "मिरा, ये गं आत," हेही झालं. मिलाग्रोस हे नाव तिनं पहिल्या पत्रापासूनच मिरा करून टाकलं होतं. मग तिनं विहिणीचा हात धरला. दोघी एकाच वयाच्या, दोघी विधवा, आणि दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. बनुबाई तिला उंबऱ्यापर्यंत घेऊन गेली.

उंबऱ्याशी नानाय थांबली. तिनं आधी कौलांकडं बघितलं, मग वाशांकडं, मग आतल्या मधल्या भिंतीकडं. दगड आणि माती, हातभर जाड, वर पांढऱ्या मातीचा गिलावा. दिवाळीला बनुबाईनं चीर शेणामातीनं लिंपून घेतली होती, आणि त्या ताज्या लिंपणातून चीर पुन्हा वर आली होती, आढ्यापासून खालपर्यंत. नानायनं हात सोडवून घेतला आणि ती बाहेर जोत्यावर जाऊन बसली.

ती आत गेली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ताट बाहेर घेतलं. दुपारी पदर नसलेल्या झग्याची बाही सारून तिनं पत्र्याच्या शेडमधल्या शेणी दोन दोन करून बाहेर काढल्या, भिंतीकडेला रचल्या, शेड झाडली आणि तिथं अंथरूण टाकलं. मिलाही आईजवळ गेली. विहीणबाई शेणी उचलताहेत म्हटल्यावर आळीतल्या बाया माडीवरून बघत होत्या. बनुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमचं घर चालत न्हाई व्हय तिला?" ती जोतीरामवर उखडली. "एवढ्या लांबनं येऊन माझ्या दारात भिकाऱ्यावानी बसली! लोक तोंडात शेण घालत्यात माझ्या."

"आय, ती भेलीया. भिंत बघ की. धैर्यानं कशाला शेड मारून दिली? तू बी चल तिकडं."

"ह्याच भिंतीनं सदुसष्टला तुमा दोघांस्नी राखलं. मागचं घर बसलं, पर हे सोप्याचं ऱ्हायलं. तुझा बा गेला तवा बी मी ह्याच भिंतीला पाठ लावून बसले. घर फिरलं की वासं फिरत्यात म्हणं, पर आमचं न्हाईत फिरायचं."

तीन दिवस हेच. जोतीरामनं समजावलं, चिडला, पाया पडला, जेवला नाही. बनुबाईनंही एकेक घास मोजून खाल्ला आणि बाकीचं झाकून ठेवलं. शेजारचा कोंडीबा, बापाच्या वयाचा, तो रोज येऊन आगीत तेल ओतून जायचा. "आरं, किल्लारीचं येगळं. तिथं कवा हललंच न्हवतं, म्हून एकदम झालं. आपलं रोजचंच हाय गड्या." जोतीरामला त्याचं तोंड दाबावंसं वाटायचं. कोंडीबा जे बोलत होता ते सगळं त्यानं स्वतः चहा पीत पीत एका अख्ख्या गावाला सांगितलं होतं. आणि तरी खरं काय ते आईला सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. थोरला लेक परदेशात मोठा मिस्त्री झाला, माणसं त्याला विचारून वागतात, हे ती साऱ्या गावाला सांगत होती.

त्या तीन दिवसांत भांडी सातदा वाजली. गोठ्यातली म्हैस पान्हा चोरू लागली. विहिरीचं पाणी गढूळ आलं, भर डिसेंबरात. बनुबाई म्हणाली, कुणीतरी पोहऱ्यानं ढवळलं असंल.

चौथ्या दिवशी, ऊन डोक्यावर आलं असताना, बनुबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. जोतीराम सोप्यात तिची समजूत घालत उभा होता. आधी खालून घरघर आली, जड ट्रक चढावर गिअर बदलतो तशी. मग भांडी वाजली. नेहमी वाजून थांबायची, आज थांबली नाहीत. आढ्यातून माती गळली. बाहेर दोन कौलं फुटल्याचा आवाज झाला. आणि फळीवरचा तांब्या कडेला सरकत सरकत आला आणि खाली पडला.

सगळं शांत झाल्यावरही तो जमिनीवर गरगरत राहिला होता.

सव्वीस वर्षांत सडेवाडीत भांडं पडलं नव्हतं. बनुबाईनं तांब्याकडं बघितलं. मग उठून तो उचलला, पदरानं पुसला, फळीवर जरा आत सरकवून ठेवला.

"कडंलाच हुता," ती म्हणाली, आणि पुन्हा परातीपुढं बसली. पण मळलेल्याच पिठात तिनं पुन्हा पाणी ओतलं.

"आय!" जोतीराम ओरडला. "ऊठ म्हंतोय न्हवं मी!"

तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला. नानाय उंबऱ्यात उभी होती. तिनं छातीवर क्रुसाची खूण केली, उंबरा ओलांडला आणि सरळ चुलीपर्यंत चालत आली. चार दिवसांत पहिल्यांदा ती घरात आली होती. बनुबाईच्या शेजारी, त्या चिरेच्या बरोबर खाली, तिनं बसकण मारली आणि हातातली जपमाळ मांडीत ठेवली.

"नानाय, इथं नको, बाहेर चला," जोतीराम घाबरून म्हणाला.

"ती बसली आहे ना? मग मीही बसते," नानाय म्हणाली. "तिला सांग."

त्यानं सांगितलं. बनुबाईचा चेहरा एकदम उजळला. विहीण घरात आली, चुलीजवळ बसली! तिचा चार दिवसांचा मान परत आला होता. तिनं पिठाचे हात झटकले, विहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान पोराला समजावतात तशा आवाजात म्हणाली, "भ्यायचं न्हाई, विहीणबाई. आमच्याकडं रोजचंच हाय. बारकं हलतंय तवर बरं. भुई थोडा थोडा दम सोडती, मग मोठं येत न्हाई." आणि जोतीरामकडं वळून, "सांग की रं तिला."

वर आढ्यातून अजून माती गळत होती, बारीक, चाळणीतून पीठ पडावं तशी, आणि दोन्ही म्हाताऱ्यांच्या केसांवर बसत होती.

"काय म्हणते ती?" नानायनं विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. जेवायला बसा म्हणते, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्याला ते जमलं नाही. त्यानं ते वाक्य त्यांच्या भाषेत म्हटलं. त्या भाषेत ते वाक्य त्याच्या तोंडाला चांगलंच पाठ होतं.

नानायनं त्याच्याकडं बघितलं. अडीच वर्षं तो ज्या नजरेची वाट बघत होता ती हीच, आणि तिच्यात राग नव्हता. ती फार दमलेली होती.

"हे वाक्य मला माहीत आहे," ती सावकाश म्हणाली. "याच्यासाठीच आले मी एवढ्या लांब. आता हे वाक्य कोणाच्या घरात गेलं आणि काय करून आलं, ते तुझ्या आईला तुझ्या तोंडानं सांग. मी ऐकते."

"काय म्हंती?" बनुबाई विचारत होती. "आरं, काय म्हंती ती?"

मग जोतीरामनं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बाहेर उभ्या असलेल्या मिलाला कळावं म्हणून एकदा इकडच्या भाषेत आणि एकदा तिकडच्या. सासरा नुसता वारला नाही. त्यानं विचारलं होतं, येऊ की राहू. आणि मी दोर बांधता बांधता, मागं न बघता, हेच सांगितलं. हेच, आय. ह्याच शब्दांत. "माझ्या शब्दावर ऱ्हायला त्यो. छपराखाली गावला मला. मी मारलं त्याला, आय."

दारात मिलानं तोंडावर हात घेतला. ती आत आली नाही. त्या दोघांचं बोलणं पुढं केव्हातरी व्हायचंच होतं.

बनुबाई परातीतलं पीठ बोटांनी गोळा करत राहिली. तव्यातली भाकरी करपली, धूर झाला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"जोती," ती शेवटी म्हणाली, "ते तुला कुणी सांगितलं हुतं?"

"काय?"

"दम सोडती म्हून. मोठं येत न्हाई म्हून."

"तूच की. सगळं गावच म्हंतंय. पर मी तुझ्याकडनंच ऐकलंय, लहान हुतो तवा."

बनुबाईनं करपलेली भाकरी तव्यातून काढून बाजूला टाकली. "आरं, सदुसष्टनंतर भांडी वाजली की तू मुतायचास. धा वर्साचा घोडा, आन् थरथरायचास नुसता. झोपायचा न्हाईस. म्हून मी आपलं सांगायची कायतरी, तू निजावास म्हून. मला रं काय ठावं भुईचं? मी काय भुईच्या पोटात जाऊन आले हुते?" तिनं परात बाजूला सारली. "मग कोंडीबाची पोरं म्हणाय लागली. मग कोंडीबा बी म्हणाय लागला. मग मला बी वाटाय लागलं, खरंच असंल."

जोतीराम भिंतीला टेकायला गेला आणि चिरेवर हात पडताच मागं सरला. अख्खं गाव, आणि समुद्रापलीकडचं एक गाव, एका आईच्या अंगाईवर विसंबून बसलं होतं.

"सांग तिला," बनुबाई म्हणाली. "तिच्या माणसाला तू न्हाई मारलंस. ते माझं बोलणं हुतं. सांग."

त्यानं सांगितलं. नानायनं ते सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली नाही की मी माफ केलं. ती उठली, चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं, भाकऱ्यांची दुरडी एका काखेत घेतली आणि दुसरा हात बनुबाईपुढं केला.

बनुबाईनं देव्हाऱ्यातले टाक उचलून पदरात बांधले. एवढंच घेतलं. फळीवरच्या भांड्यांकडं बघितलं देखील नाही. विहिणीचा हात धरून ती आपल्या घराचा उंबरा उतरली.

दुपारच्या उन्हात त्या दोघी अंगण ओलांडताना कोंडीबानं गल्लीतून बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "का गं बनुबाई? भ्यालीस व्हय?"

"व्हय," बनुबाई म्हणाली. "भ्याले. आन् तू बी भी."

कोंडीबाचं हसणं हळूहळू बंद झालं. तो आपल्या घराच्या कौलांकडं बघत निघून गेला.

शेडमध्ये चौघं बसली. पत्रा तापला होता, शेणीचा वास होता. समोर अंगणापलीकडं घर दार उघडं टाकून उभं होतं. कोणी जेवलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा खालून घरघर आली आणि समोरच्या घरात भांडी वाजायला लागली. सव्वीस वर्षं या आवाजाला कोणी दचकलं की कोणीतरी ते वाक्य म्हणायचंच. आज कोणी म्हटलं नाही. चौघंही त्या उघड्या दाराकडं बघत राहिली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, मग आणखी एक.

"जोती," बनुबाईनं विचारलं, "मोठं यील का रं?"

लहानपणी तो तिला हेच विचारायचा. त्याच्या ओठांवर काय काय आलं. आणि मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर दिलं.

"ठावं न्हाई, आय."

दोनच शब्द. गाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हे दोन शब्द सांगितले असते तर तो गाडीत बसला असता.

नानायनं त्याच्या बाहीला हात लावला. काय बोललास, असं तिला विचारायचं होतं. त्यानं तिच्या भाषेत सांगितलं, "मला माहीत नाही, असं म्हणालो."

नानायनं भुवया वर उचलल्या. मग ती पत्र्याच्या कडेला सरकली, आणि तिनं अंथरुणावर त्याच्यासाठी जागा केली.